कोपऱ्याचं माप

३ फेब्रुवारी, सोमवार

ताई,

फाडू नकोस. हे पत्र टीव्हीबद्दल आहे. घरी ये वगैरे एक शब्दही यात नाही, शप्पथ.

पत्ता आत्याने दिला. म्हणजे मी पंधरा दिवस तिच्या मागे लागले, तेव्हा कुठे तिने बटणांच्या डब्याच्या तळातून चिठ्ठी काढून दाखवली. फोटो काढायला गेले तर हातावर फटका बसला, म्हणून पाठ केली. बाबांना सांगायचं नाही, हे तिने तीनदा हातवारे करून बजावलं. (सॉरी. तो शब्द तुला चालत नाही. हातांनी बजावलं.) तेवढं मला कळलं, पुढचं काही कळलं नाही. तू होतीस तेव्हा आत्या हातांनी बोलायची आणि तू आम्हाला तोंडाने सांगायचीस, त्यामुळे मला शिकायची वेळच आली नाही. आता ती मागते चाळणी आणि मी आणते चटई. मग ती माझ्या नावाची खूण करते, ती चोच उघडबंद करायची, आणि कपाळावर हात मारून घेते.

माझ्या शुद्धलेखनावर हसू नकोस. इंग्लिश मीडियममध्ये बाबांनीच घातलं, मी अर्ज केला नव्हता.

तर टीव्ही. आपल्या जुन्या चोवीस इंचीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात काळा डाग पडलाय. आधी शर्टाच्या बटणाएवढा होता, आता बशीएवढा झालाय. बाकी चित्र ठणठणीत. मी म्हटलं, त्या कोपऱ्यात असतंच काय? पण बाबांनी, इस्त्रीची मूठ तुटली तर तिला चिंध्या गुंडाळून सहा वर्षं चालवणाऱ्या आपल्या बाबांनी, स्वतःहून म्हटलं, "नवीन घेऊया."

मी म्हटलं, "नवीन काय?"

"टीव्ही. आणि जरा लवकर."

लवकर! मुलाखतीच्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक पँटसाठी दारात उभं असलं तरी "होईल की" म्हणणारा माणूस!

मग काय, मी सुटलेच. लेक्चरला मागच्या बाकावर बसून सत्तावीस रिव्ह्यू बघितले. तक्ता केला, तीन रंगांच्या पेनांनी. बजेट बाबांनी ठरवून दिलंय, त्यात शेवटी दोनच टिकले. मी त्यांना नावं ठेवलीत.

एक गवई. बत्तीस इंची. आवाज इतका गोड की वेगळा स्पीकर घ्यायलाच नको. रंगही खरे.

दुसरा पैलवान. त्रेचाळीस इंची. नुसतं अंग. आवाज म्हणजे पत्र्याच्या डब्यात माशी अडकल्यासारखा. रंग जरा धुतल्यासारखे. पण मोठा.

मला विचारशील तर गवई, डोळे मिटून. बाबा म्हणतात पैलवान. कारण विचारलं तर "मोठा आहे" एवढंच. अगं, आपली बाहेरची खोली केवढी! पैलवान लावला तर समोर बसणाऱ्याचे गुडघे त्याला लागतील.

तू सांग ना, कुठला घेऊ? या घरात निवडायचं काम तुझंच होतं. पडदे तू निवडलेस, माझं कॉलेज तू निवडलंस. मी मागे उभी राहून नुसतं हो हो म्हणायचे. आता मला काही निवडताच येत नाही.

आणि खरं सांगू? चौदा महिन्यांनी तुला लिहायचं म्हटल्यावर दुसरा कुठला विषयच सुचेना.

तुझी,
चिंगी


७ फेब्रुवारी, शुक्रवार

ताई,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे, पोस्टाला वेळ लागतो. पण काल दुकानात जे झालं ते कोणालातरी सांगायलाच हवं, आणि आत्याला सांगायचं तर माझे हात पुरत नाहीत.

बाबांचं आधीच ठरलेलं होतं, "बाराच्या आत पोचायचं." का? तर "बारानंतर गर्दी होते." गुरुवारी टीव्हीच्या दुकानात कसली गर्दी? पण माझं कॉलेज सुटायला उशीर झाला, बस रखडली, पोचलो तर साडेबारा. बसमध्ये बाबा सारखे घड्याळ बघत होते. उतरलो तेव्हा म्हणाले, "गेलं." मी म्हटलं, "काय गेलं?" म्हणाले, "ऊन." भर बाराच्या उन्हात, ताई.

दुकानात दोन्ही टीव्ही शेजारी शेजारी लावलेले. त्यांवर मासे पोहत होते, प्रत्येक दुकानात तेच मासे असतात. टाय लावलेला विक्रेता धावत आला. मी तक्ता काढला आणि त्याला रिफ्रेश रेटवरून असं धरलं की तो घामाघूम झाला. बाबा म्हणाले, "याचा आवाज बंद करा."

"काका, आवाजच तर याची खासियत आहे!"

"असेल. बंद करा."

मग त्यांनी गळ्यातला टेप काढला. हो, टेप घालूनच आले होते, बसमध्ये मी दोनदा सांगितलं तरी. विक्रेत्याला वाटलं, भिंतीला बसतो का ते बघतायत. नाही. त्यांनी पडद्याची उंची मोजली, टेप तेवढा धरला, अर्धा दुमडला, परत अर्धा दुमडला. छातीच्या मापाचा चौथा हिस्सा काढतात ना कापडावर, अगदी तसंच. आणि तो चौथा हिस्सा उजव्या खालच्या कोपऱ्यात लावून बघितला. माशांवर.

"काका, माशांना सदरा शिवताय का?"

मी हसले. बाबा हसले नाहीत. "लिही," म्हणाले. मी मापाची वही उघडावी तसा तक्ता उलटा केला. "बत्तीसला पावणेचार. त्रेचाळीसला सव्वापाच."

लिहिलं.

"बघ. फरक आहे."

मी कागद बघितला. "बाबा, अर्धा इंच! अर्ध्या इंचासाठी पत्र्याचा डबा घ्यायचा?"

"अर्धा?" ते थबकले. "नीट लिहिलंस ना?"

"हो. हे बघा."

चष्मा नव्हता त्यांच्याकडे. टेपाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मग माझंच चुकलं असेल. परवाही एक कॉलर चुकली."

तिथेच थांबायला हवं होतं. पण मी फॉर्मात होते. त्या टायवाल्याकडे बघून म्हटलं, "तुम्हीच सांगा, कोपरा बघून कोणी टीव्ही घेतं का?" तो खो खो हसला. शेजारच्या मिक्सरवाल्या बाईपण हसल्या.

बाबांनी टेप गुंडाळला. गळ्यात घातला नाही, खिशात ठेवला. "तुला हवा तो घे. तू शिकलेली आहेस."

गवई उद्या येतोय. मी जिंकले. मग मला असं का वाटतंय ताई, की मीही तेच केलं, जे त्या दिवशी बाबांनी केलं?

त्या दिवसाबद्दल लिहिणार नव्हते. पण मी तिथेच होते, इस्त्रीच्या टेबलापाशी. कोटाच्या ट्रायलला आलेला तो गृहस्थ तुझ्या आणि आत्याच्या बोलण्याची नक्कल करत हसला. आणि बाबा त्याला नाही, तुला म्हणाले, "लोकांसमोर हातवारे करू नकोस. तिला नशिबाने करावे लागतात, तुला कसली हौस?" तू शिक्षण सोडून त्या खुणांच्या भाषेच्या कोर्सला जाणार, हे आदल्याच दिवशी सांगितलं होतंस, तो राग. बाबांना वाटलं, आत्याची पाठ आहे. पाठ होती, पण समोर ट्रायलचा आरसा होता. तिने आरशात ओठ वाचले. हातातलं काज अर्धं टाकून ती उठून आत गेली.

तू म्हणालीस, "तिची माफी मागा." बाबा म्हणाले, "मी? घरच्या माणसाची?" आणि तू गेलीस.

एवढंच मला माहीत आहे. तू कुठे काम करतेस तेसुद्धा माहीत नाही. आत्याला विचारलं तर ती चौकोन काढते, त्यात गोल काढते आणि हसते. म्हणजे काय? खिडकीत थाळी?

चिंगी


१० फेब्रुवारी, सोमवार

ताई!!!

गोल! चौकोनातला गोल!

आज कॉलेजला दांडी मारली, गवई दुपारी कसा वाजतो ते बघायला. बाराला पाच कमी असताना बाबा दुकान आत्याच्या ताब्यात न देता तिलाच घेऊन वर आले. दोघं टीव्हीसमोर बसली. शेजारी नाही हं, बाबा खुर्चीत, आत्या पलंगावर, मधे तेच चौदा महिन्यांचं अंतर. बाबांनी बातम्या लावल्या आणि आवाज पूर्ण बंद केला.

माझं डोकंच फिरलं. "बाबा! एवढा आवाजासाठी घेतलेला, आणि तुम्ही तो मुका करून बघताय?"

"तुझं काय जातंय?"

ते खुर्ची ओढत पुढे गेले. आणखी पुढे. नाक पडद्याला लागायच्या बेतात. निवेदिकेकडे बघतही नव्हते, मान पूर्ण उजवीकडे, खाली. मी म्हटलं, "डोळे जातील!" आत्याने मला दंडाला धरून खाली बसवलं आणि त्या कोपऱ्यात बोट दाखवलं.

तिथे तू होतीस.

काळा कुर्ता. केस मागे बांधलेले. गोलात. पुलाच्या दुरुस्तीच्या बातम्या हातांनी सांगत होतीस. ताई, तू केवढी बारीक झालीयेस! की टीव्हीच बारीक आहे? तुझी बोटं मला वेगळी वेगळी दिसतच नव्हती. बाबांना काय दिसत असणार? आत्या डोळे बारीक करून मधेच मान हलवायची, म्हणजे हुकलं.

पंधरा मिनिटं. तू शेवटी हात खाली घेतलेस आणि गोल गेला. बाबा उठले, "चला, अस्तर कापायचंय," म्हणून जिना उतरले. जणू काही झालंच नाही.

मी टेप आणला. गोल गेला होता, पण तो उंचीच्या चौथ्या हिश्शाएवढाच होता, म्हणून बाबांसारखंच केलं, उंची धरून दोनदा दुमडली. बाबा म्हणाले होते पावणेचार, आणि टेपावर दिसत होतं तीन आणि वर पाऊण.

मी चार आणि वर पाऊण लिहिलं होतं. पाऊण म्हणजे पॉइंट सेव्हन फाइव्ह हे मला माहीत होतं, म्हणून पावणेचार म्हणजे चारावर पाऊण, असं मी धरून चालले. सव्वा मला येतं. पावणे येतं असं वाटत होतं. घड्याळ मी कायम थ्री फॉर्टी फाइव्ह असंच बघितलंय ना. फरक अर्ध्या इंचाचा नव्हता, दीड इंचाचा होता. दीड इंच म्हणजे तुझी बोटं, ताई. बाबांचं माप बरोबर होतं आणि मी त्यांना त्यांच्याच मापावर शंका घ्यायला लावली. वर चारचौघांत हसले.

खाली जाऊन म्हटलं, "बाबा, मी पावणेचार चुकीचं लिहिलं. फरक दीड इंच आहे."

त्यांनी कात्री थांबवली नाही. "हं."

"सात दिवसांत बदलून देतात. पैलवान आणूया."

"आवाज वाईट आहे म्हणत होतीस."

"आपल्याला कुठे आवाज लावायचाय?"

तेव्हा कात्री थांबली. माझ्याकडे बघितलं नाही, पण कान लाल झाले होते. म्हणाले, "बुधवारी जमेल का?"

आता माझा गोंधळ ऐक. हे तुला सांगायचं की नाही? बाबांनी सांगायला सांगितलेलं नाही. त्यांना तर हेही माहीत नाही की मी तुला लिहिते. बघतायत म्हणजे त्यांना पश्चात्ताप झालाय? की नुसतं पोरगी दिसते म्हणून बघतात? आत्याच्या शेजारी बसत तर नाहीत अजून. माफी तर मागितलेली नाही. आणि तू मला का सांगितलं नाहीस गं? आत्याला सांगितलंस. मला नाही. मी इतकी बडबडी आहे का? (आहे.)

तरी पाठवतेय. नाही पाठवलं तर फुटेन.

चिंगी


२० फेब्रुवारी, गुरुवार

ताई,

तू बरी आहेस ना? आधी एवढंच.

पैलवान गेल्या आठवड्यात, बुधवारी आला. बदलायला गेलो तेव्हा टायवाल्याने दुकानाच्या दारातच विचारलं, "कोपरा बघून घेतलात ना काका?" बाबा म्हणाले, "हो, कोपऱ्यासाठीच." आणि त्याच्याकडे बघत राहिले, त्याचं हसू जाईपर्यंत. गुडघे लागतात, मी म्हटलंच होतं. कोणाची तक्रार नाही.

गुरुवारी तिघंही बाराला पाच कमी असताना बसलो. बातम्या सुरू झाल्या. गोल आला. सव्वापाच इंचाचा, स्वच्छ. त्यात एक बुवा होता. निळा शर्ट, मिशा.

बाबा म्हणाले, "सुट्टी असेल."

शुक्रवारी बुवा. सोमवारी बुवा. मंगळवारी बाबा बातम्या संपल्यावरही टीव्हीसमोर बसून होते, खाली गिऱ्हाईक हाका मारत होतं. बुवाच्या बोटातली अंगठीसुद्धा दिसते गं एवढ्या मोठ्यावर. त्या अंगठीचा मला इतका राग आलाय!

माझं पत्र तुला बुधवारी मिळालं असणार. आणि गुरुवारपासून तू नाहीस. हा हिशेब मी तीनदा मांडला. बाबा बघतात हे कळलं म्हणून तुझे हात उचलेनात का? की चिडलीस? की खरंच आजारी आहेस? की नोकरी बदलली आणि माझ्या पत्राचा काही संबंधच नाही? चारही मला सारखेच खरे वाटतात. दर तासाला एक निवडते आणि बदलते.

काल परत बुवा. बाबांनी टीव्ही बंद केला. काळ्या पडद्यालाच विचारलं, "तिला बरं नसेल का?"

चौदा महिन्यांत पहिल्यांदा "तिला" म्हणाले, ताई.

मग आत्याकडे वळून, ओठ मोठे मोठे करून, नेहमीसारखं, "पत्ता. तुझ्याकडे आहे ना? दे."

आत्याने डोळे मिटले.

तुला माहितीच आहे, तिला ऐकायचं नसलं की ती हेच करते. त्यावर कोणाचं काही चालत नाही. बाबांनी खांद्याला हात लावला, तिने डोळे उघडले. बाबा परत तोंडाने, "पत्ता दे गं." डोळे बंद. तीनदा झालं. मी मधे पडणार होते, पण मी काय सांगणार? चटई?

चौथ्यांदा बाबा खुर्चीतून उठले आणि पलंगावर तिच्यासमोर बसले. बोटातलं शिवणाचं अंगुस्तान काढून खिशात टाकलं. आत्याने डोळे उघडले आणि बाबांनी हात उचलले.

मला माहीतच नव्हतं की त्यांना येतं! आत्याने नंतर मला समजावलं, हळूहळू, चार वेळा. लहानपणी त्या दोघांचं सगळं हातांनीच चालायचं. शाळेत, बाजारात तिचं बोलणं लोकांना बाबाच सांगायचे, तुझ्यासारखे. मग बाबा शिवणकाम शिकायला दुसऱ्याच्या दुकानात जायला लागले, तिथली माणसं हसली, आणि त्यांनी सोडलं ते सोडलंच.

आधी त्यांनी खांद्यावरून वेणी ओढल्यासारखं केलं. ती तू, एवढं मलाही येतं. मग तळवे उताणे, कुठे? आत्या ढिम्म. बाबांना कळलं की हे पुरणार नाही. मग त्यांनी आरशाकडे बोट दाखवलं. म्हणजे खाली, दुकानातल्या. मग स्वतःच्या ओठांकडे. मग मूठ छातीवर घासली, उलटी.

आत्याने त्यांचं मनगट धरलं आणि मूठ सुलटी फिरवली. परत कर.

त्यांनी परत केलं. तिने मान हलवली, अंगठा बाहेर आलाय. परत. ताई, पन्नाशीच्या माणसाला ती पहिलीतल्या पोरासारखी माफी गिरवायला लावत होती, आणि बाबा गिरवत होते. मला हसूही येत होतं आणि समोरचं धूसरही दिसत होतं. पाचव्यांदा तिने मान डोलावली आणि बटणांचा डबा आणायला उठली.

रात्रभर विचार करून आज सकाळी बाबा मला म्हणाले, "तू लिहितेस ना तिला? पोस्टाचा वास येतो तुझ्या दप्तराला."

मी म्हटलं, "फक्त टीव्हीबद्दल."

"मग हेही लिही. फार नको. पावणे-बिवणे टाळ."

तर लिहिलं. तुझ्या त्या गोलात बुवा का आला ते अजून मला कळलेलं नाही. तू दार उघडलंस तर कोण दिसेल, आजारी ताई, चिडलेली ताई की कामाला निघालेली ताई, हेही माहीत नाही. बाबांनाही माहीत नाही. त्यांनी तिघींची तयारी केलीय, म्हणजे औषध, फळं आणि तोंड गप्प ठेवायचा निश्चय.

पाकिटावर शिक्का नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. उद्या पहाटेच्या गाडीने हे पत्र बाबांबरोबरच निघतंय. तू इथपर्यंत वाचत आलीस, म्हणजे ते अजून तुझ्या दारातच उभे असतील. तोंडाने काही बोलणार नाहीत. त्यांच्या दोन्ही हातांत पिशव्या आहेत, त्या आधी काढून घे.

चिंगी